वस्तादांचा हातगुण

९ जानेवारी

आजपासून मी अधिकृत घरजावई! निरोप देताना मित्रांनी यथेच्छ तोंडसुख घेतलं. एक म्हणाला, आता दुसऱ्यांदा वाढा असं म्हणायचं नाही, नुसतं रिकाम्या ताटाकडे प्रेमाने बघायचं. दुसरा म्हणाला, घरजावयाने चपलांबरोबर कणाही उंबऱ्याबाहेर काढून ठेवायचा असतो. मी सगळ्यांबरोबर हसलो. बायकोने लग्नाआधीच स्वच्छ सांगितलं होतं की ती आईवडिलांना सोडून येणार नाही, मलाच यावं लागेल. मी पाट्या रंगवणारा माणूस. ब्रश आणि शिडी घेतली की झालं माझं बिऱ्हाड. आलो.

घर दुमजली आहे. खाली पुढच्या खोलीत सासऱ्यांचं काम चालतं. निखळलेले सांधे बसवणं, लचकलेली पाठ, आखडलेली मान. तरुणपणी कुस्ती खेळायचे, म्हणून सगळं गाव त्यांना वस्ताद म्हणतं. मलाही तेच बरं वाटतं, ‘बाबा’ म्हणायला अजून जीभ वळत नाही. मधोमध एक रुंद लाकडी बाकडं, तेलाने इतकं मुरलेलं की त्यात तोंड दिसेल. भिंतीला लागून वाट बघणाऱ्यांच्या खुर्च्या. माणसं वाकडी येतात आणि सरळ होऊन जातात. आज माझ्यादेखत एका हमालाचा निखळलेला खांदा त्यांनी बोलता बोलता बसवला. टक्क असा आवाज झाला, आणि तो गडी ओरडायच्या तयारीत तोंड उघडून तसाच राहिला. दुखायचंच थांबलं होतं! लोक म्हणतात, वस्तादांना हातगुण आहे. आहेच.

आम्हाला वरची खोली दिली आहे. ती बायकोच्या दादाची. दादा तरुणपणीच गेला, ती शाळेत असताना. कपाटात त्याचे शर्ट अजून इस्त्री करून ठेवलेत. सासूबाईंनी फार संकोचून विचारलं, जावईबापू, तुम्हाला होतील का हो? मी एक घालून पाहिला. अगदी मापाचा बसला. त्या खाली गेल्या.

पलीकडच्या खोलीत आत्या, म्हणजे वस्तादांची थोरली बहीण. मध्ये नुसती पातळ फळ्यांची भिंत. त्यांना जुना दमा आहे. पहाटे त्यांची खोकल्याची बाराखडी सुरू होते, ‘ज्ञ’पर्यंत गेल्याशिवाय थांबत नाही.

२ फेब्रुवारी

सूत जमलं. पहिली पाटी वस्तादांचीच रंगवली. मोबदला म्हणून त्यांनी माझी मान मोडून दिली. छापील फलकांच्या काळात हाताने रंगवलेल्या पाट्यांना कोण विचारतं अशी धास्ती होती, पण दोन खाणावळी आणि एक औषधाचं दुकान मिळालं.

दुपारी काम नसलं की आत्यांबरोबर रमी. त्यांचा पलंग खिडकीशी आहे, पण वाऱ्याने ढास लागते म्हणून खिडकी कायम बंद. आम्ही पलंगावरच समोरासमोर मांडी घालून बसतो. त्या बेधडक लबाडी करतात. पकडल्या गेल्या की हसतात, हसल्या की खोकतात, आणि खोकला थांबेपर्यंत मी काय पकडलं होतं ते विसरून जातो. या घरात माझं सगळ्यात जास्त कोणाशी जमत असेल तर त्यांच्याशीच.

६ सप्टेंबर

ही रोजनिशी कसली, सालनिशी झाली! काम भरपूर होतं, जेवण भरपूर होतं, लिहिण्यासारखं दुःख नव्हतं.

आता एक बारीकसं आहे. कमरेच्या वर, उजवीकडे, पाठीच्या कण्याला चिकटून काहीतरी ठणकतं. खोल. बोट ठेवून दाखवावं म्हटलं तर जागा सापडत नाही. शिडीचा धंदा, चालायचंच. वस्तादांना सांगितलं तर ते इतके खूश झाले की जणू मी त्यांच्यासाठी भेटवस्तू आणली. लगेच बाकड्यावर पालथं घातलं. काय ते हात! अर्ध्या तासात झोप लागली.

३० सप्टेंबर

ठणका आहेच. संध्याकाळी अंग कोमट होतं, सकाळी काही नाही. पँट कमरेवरून घसरायला लागली तेव्हा बायको म्हणाली की घरजावई सुटतात म्हणे, तू कसा रोडावतोयस? उशी घामाने भिजते.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी उभ्या उभ्याच सांगितलं, स्नायू ताणलाय. दुखणं थांबायच्या गोळ्या दिल्या आणि वर म्हणाले, घरात वस्ताद असताना माझ्याकडे कशाला आलात? ते स्वतः मानेसाठी वस्तादांकडे येतात. त्यांनीच वस्तादांना सांगितलं असणार. रात्री जेवताना वस्ताद माझ्याशी बोलले नाहीत. सासूबाईंनी मला दुसऱ्यांदा वाढलं आणि हळूच म्हणाल्या, त्यांच्या मनाला लागलंय हो. मी माफी मागितली. घरजावई आहे ना.

२१ ऑक्टोबर

आज शिडीवर अडकलो.

चपलांच्या दुकानाची पाटी. वर चढताना कसाबसा चढलो. अक्षरं झाली, शेवटची रेघ ओढली, आणि उतरायला उजवा पाय खाली सोडला तर तो सरळच होईना. गुडघा वर, मांडी पोटाकडे, जणू कोणी आतून दोरी खेचून धरली आहे. जोर लावला तर पाठीतून मांडीपर्यंत अशी कळ गेली की डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली दुकानदार विचारतोय, झाली का हो पाटी? मी म्हणतोय, झाली, जरा लांबून बघतो. आणि शिडीला मिठी मारून तसाच उभा. शेवटी दुकानातल्या दोघांनी मला उतरवलं. एका पायावरच्या बगळ्यासारखा. सगळे हसले, मीही हसलो.

घरी येईपर्यंत रडू आवरलं.

१० नोव्हेंबर

लंगडतो. उजवी टाच जमिनीला टेकत नाही. झोपताना एकच प्रकार चालतो. कुशीवर वळून उजवा गुडघा पोटाशी घ्यायचा. तसं घेतलं की ठणका मागे सरकतो. पाय लांब केला की परत येतो. जागेपणीही मी असाच मुडपून असतो.

वस्ताद रोज तास-तास मेहनत घेतात. म्हणतात, नस आखडली आहे, सोडवतो. त्यांच्या कपाळावर घाम, माझ्याही. त्यांच्या जीव लावण्याबद्दल शंकाच नाही. मला ओरडता येत नाही, कारण खुर्च्यांवर लोक बसलेले असतात.

आज चहाला खाली उतरत होतो. एक पायरी, थांबायचं, मग दुसरी. सासूबाई जिन्याच्या तळाशी ताटं घेऊन उभ्या होत्या. त्या माझ्या तोंडाकडे बघत नव्हत्या, पायाकडे बघत होत्या. ताटं हातातून सुटली. मी म्हटलं, आई, लागलं का? त्या वाकून ताटं वेचायला लागल्या. दुपारी खोलीच्या दाराशी एक काठी ठेवलेली सापडली. जुनी, मूठ झिजलेली. माझ्या उंचीला अगदी बरोबर.

११ नोव्हेंबर

बायकोला विचारलं, काठी कोणाची? ती बराच वेळ चादरीची घडी घालत राहिली, मग पुन्हा मोडून पुन्हा घातली. दादाची, म्हणाली. दादाची पाठ धरली होती. मग पाय. मग तो याच खोलीत पडून राहिला, आणि गेला.

मी विचारलं, डॉक्टर काय म्हणाले होते? ती म्हणाली, डॉक्टर कशाला, बाबा होते ना.

५ डिसेंबर

जिना आता उतरवत नाही. वस्ताद वर येतात.

आज पाय सरळ करायचाच असं त्यांनी ठरवलं होतं. खुर्च्यांवरचे दोन धडधाकट गडी वर बोलावले. एकाने खांदे धरले, एकाने डावा पाय. वस्तादांनी उजव्या मांडीवर सगळा भार दिला. मी ओरडलो. पहिल्यांदाच. खाली सगळे गप्प झाल्याचं मला वरून ऐकू आलं. पलीकडून आत्या फळीवर मुठी आपटत होत्या.

संध्याकाळी कपडे बदलताना जांघेत हात लागला. उजवीकडे लिंबाएवढी गाठ. मऊ. दाबली तर आत सरकते, सोडली की परत वर येते. लाल नाही, गरम नाही. नुसतीच आहे.

६ डिसेंबर

वस्तादांना गाठ दाखवली. ते बघत राहिले. बोट लावलं नाही. चादर ओढून ती झाकली, जशी मेलेल्याच्या तोंडावर ओढतात तशी. म्हणाले, उतरेल. जाताना त्यांनी जिन्याच्या कठड्यावर हात टेकून आधार घेतला. वस्तादांचा हात.

मी म्हटलं, मला इस्पितळात न्या. ते म्हणाले, एवढा महिना जाऊ दे, पोरा.

१४ डिसेंबर

सगळे किती चांगले आहेत! हेच सांगता येत नाही कोणाला. सासूबाई भरवतात. तोंड पुसतात. आज पुसता पुसता म्हणाल्या, बाबू, एवढा घास घे. मी म्हटलं, आई, मी जावई. त्या म्हणाल्या, हो रे, माहीत आहे. मग केसांतून हात फिरवत बसल्या आणि पुन्हा म्हणाल्या, बाबू.

त्यांनी मला दादाचा निळा शर्ट घातलाय. मला हात वर करून विरोधही करता आला नाही.

बायको रोज वडिलांशी बोलते म्हणते. तिचा आवाज खालून चढतो. मग त्यांचा चढतो. मग सासूबाईंचं रडणं, आणि मग शांतता. या घरात भांडण रडण्यापाशी मिटतं. ती वर येते, मला कुशीवर वळवते, पाठीमागून उचलते, पाठीखालची चादर बदलते. तीही वाळली आहे.

गाठ मुठीएवढी झाली.

१९ डिसेंबर

दुपारी घरात कोणी नव्हतं. आत्या फळीपलीकडून बोलल्या. इतक्या हळू की मला श्वास धरून ऐकावं लागलं.

म्हणाल्या, दादाचीही गाठ अशीच जांघेत आली होती. माझ्या भावाने ती घरीच फोडली. पातं तापवून. वाडगाभर निघालं. सगळ्यांना वाटलं, सुटला. पण ती जखम कधी मिटलीच नाही. वाहतच राहिली, नंतर वास यायला लागला, मग ताप डोक्यात गेला.

मग त्यांना ढास लागली. थांबली तेव्हा म्हणाल्या, तू पळ रे बाबा.

मी पळ. मी!

हसू आलं. पाठीत कळ आली म्हणून हसू थांबवलं.

२३ डिसेंबर

खाली पाणी उकळतंय. स्वयंपाकघरातून नव्हे, पुढच्या खोलीतून आवाज येतोय. आज खुर्च्यांवर कोणी नाही. लोकांना परत पाठवलं.

बायकोला फोन केला. ती शिकवते त्या बालवाडीत आहे. निघाले, म्हणाली.

वस्ताद जिना चढतायत —

२४ डिसेंबर, इस्पितळ

लिहितो. काल काय झालं ते लिहायलाच हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

वस्ताद आले तेव्हा त्यांच्या हातात वाडगा, फडकं आणि फडक्यात ते पातं. डोळे सुजलेले. माझ्या उशाशी बसले आणि म्हणाले, “मागच्या वेळी मी उशीर केला. गाठ पिकेपर्यंत थांबलो. या वेळी नाही थांबणार.” इतके दिवस हेच त्यांच्या मनात होतं! त्यांना वाटतं, मुलगा गेला तो पातं लावल्यामुळे नव्हे, उशिरा लावल्यामुळे. मी बोलत राहिलो. काय बोललो आठवत नाही. हात जोडले बहुतेक. त्यांनी माझे जोडलेले हात धरले, हळूच खाली ठेवले, आणि चादर बाजूला केली.

बायको आली. मागे रिक्षावाला आणि रस्त्यावरचा आणखी एक जण, तिने वाटेत पकडलेले. वस्ताद तिला म्हणाले, तू बाहेर थांब. ती म्हणाली, “दादाच्या वेळी मला बाहेर काढून दार लावलं होतं, बाबा. मी तेव्हा शाळेत होते. आज नाही जाणार.” आणि माझ्या अंगावर आडवी पडली. अक्षरशः आडवी. पातं त्यांच्या हातातच.

मग वस्तादांनी पातं वाडग्यात टाकून वाडगा खाली ठेवला.

मला खुर्चीत बसवून खाली आणलं. सासूबाई जिन्याच्या तळाशी उभ्या होत्या. म्हणत होत्या, माझ्या बाबूला नेऊ नका.

२७ डिसेंबर

इथल्या डॉक्टरीणबाई कमी बोलतात. पहिल्या दिवशी त्यांनी मला डाव्या कुशीवर वळवून उजवा पाय जरासा मागे नेला. मी किंचाळलो. पुन्हा पोटाशी घेतला, शांत झालो. त्यांनी तेवढ्यावरच मान हलवली. कण्यावर वरून खाली बोटांनी ठोकत आल्या, एका मणक्यावर मी उडालो. मग रक्त, फोटो, आणि त्या बोगद्यासारख्या यंत्रात घालून काढलेलं पाठीचं चित्र.

चित्र मला दाखवलं. कण्याच्या दोन्ही बाजूंनी एकेक लांब स्नायू खाली मांडीत उतरतो. मांडी वर उचलतो तो हाच. डावा दोरीसारखा सडपातळ. उजवा सापाने काहीतरी गिळल्यासारखा. आत पू. वरचा एक मणका क्षयाने पोखरलाय, त्याचा पू या स्नायूच्या पिशवीतून वाट काढत जांघेपर्यंत आलाय. मला वाटायचं क्षय म्हणजे छाती. माझी छाती स्वच्छ आहे, फोटोत डाग नाही, मी कधी खोकलोही नाही. बाई म्हणाल्या, असंही होतं, छाती साफ आणि दुखणं कण्यात.

मी विचारलं, मालिश? त्या म्हणाल्या, पोखरलेल्या मणक्यावर जोर दिला तर तो खचतो, मज्जारज्जू दाबतो. आणि असली गाठ बाहेरून उघडी फोडली तर वरून दुसरे जंतू शिरतात, मग सगळंच हाताबाहेर जातं. नंतर त्यांनी विचारलं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नाही का? बायको खिडकीबाहेर बघत होती.

२९ डिसेंबर

यंत्रात बघत बघत पाठीतून सुई घातली, मग नळी. जागा बधिर केली होती, तरी आतून काहीतरी सरकत गेल्याचं कळलं. नळीला पिशवी. पिवळट, घट्ट. सिस्टर ती पिशवी रिकामी करते, ती पुन्हा भरते. एवढं सगळं माझ्यात राहत होतं.

ताप उतरला. पाय थोडा सरळ होतो. गोळ्या दीड वर्षापर्यंत घ्याव्या लागतील, एक दिवसही चुकवायची नाही. पू तपासायला गेला आहे. बाई म्हणाल्या, बरे व्हाल. मग विचारलं, घरात जुना खोकला कोणाला आहे?

मी उत्तर देण्याआधी बायकोने दिलं.

३ जानेवारी

घरच्या सगळ्यांच्या छातीचे फोटो झाले. आत्यांच्या फुप्फुसात पोकळी. थुंकीत जंतू. किती वर्षांचे, देव जाणे. मध्येच औषध घ्यायच्या, बरं वाटलं की सोडायच्या, आणि सगळे त्याला दमा म्हणायचे. बाकीच्यांच्या छात्या साफ. बायकोचीही.

बाईंनी वस्तादांना बोलावून समोर बसवलं आणि समजावलं. मीही तिथेच, खाटेवर. त्या म्हणाल्या, तुमच्या मुलाचं दुखणंही बहुतेक हेच होतं. औषधाने बरं होणारं.

वस्ताद उठले. पुन्हा बसले. स्वतःचे हात उलटे करून बघितले, सुलटे करून बघितले. मग बायकोला म्हणाले, “ही बाई म्हणते, मी माझ्या पोराला मारलं.” बाई म्हणाल्या, मी तसं म्हटलं नाही. ते म्हणाले, म्हटलंत.

आत्या आपण होऊन इस्पितळात आल्या. एक पिशवी घेऊन, एकट्या. खालच्या वॉर्डात आहेत. मला बघायला आल्या नाहीत. निरोप पाठवला की मला तोंड दाखवायचं नाही. मी उलट निरोप धाडला, बऱ्या झालात की पत्ते घेऊन या. उत्तर आलं नाही.

८ जानेवारी

पाय जड. दोन्ही. मुंग्या येतात, तळव्याला चादर कळत नाही.

मणका खचलाय. मज्जारज्जूवर दाब. बाई म्हणाल्या, लवकरात लवकर उघडायला हवं. परवा.

बायकोला घरी पाठवलं. झोप नाही तिला, किती रात्री खुर्चीवर बसून काढल्या. घरीही तिची गरज आहे. वस्तादांनी काम बंद केलंय, जेवत नाहीत, बाकड्यासमोर बसून राहतात. सासूबाई माझे शर्ट धुऊन वाळत घालतात, असं ती म्हणाली. माझे की दादाचे, विचारलं नाही.

९ जानेवारी, सकाळ

उजवा अंगठा हलवायचा प्रयत्न करतो. तो हलत नाही. त्याच्याकडे बघत राहतो, दुसऱ्या कोणाचा असल्यासारखा.

बायकोचा फोन. वस्तादांनी रात्री दोन घास खाल्ले. बरं वाटलं ऐकून. तिचा आवाज थकलेला. म्हणाली, अंग मोडून आलंय, संध्याकाळी कसकस येते, तुला उचलून उचलून पाठ भरून आलीय.

मी म्हटलं, कुठे?

म्हणाली, कमरेच्या वर, एका बाजूला. खोल. बोट ठेवता येत नाही.

मी म्हटलं, झोपतेस कशी?

हसली. म्हणाली, तुझ्यासारखी. गुडघा पोटाशी घेऊन. तेवढंच बरं वाटतं.

दुपार

तिला सांगितलं. सगळं. आत्ताच्या आत्ता ये, बाईंना दाखव. ती म्हणाली, माझी छाती साफ आहे ना. मी म्हटलं, माझीही होती. मग म्हणाली, बरं, येते संध्याकाळी.

म्हणाली, बाबांना कळलंय पाठ दुखतेय ते. कितीतरी दिवसांनी ते उठले. बाकडं पुसलं. त्यांनी हात धुतले. फार केविलवाणे दिसतात रे. एकदाच, हलक्या हाताने. त्यांचं मन —

मी ओरडलो. नको. हात लावू देऊ नको. फोन कट झाला की तिने ठेवला, कळत नाही.

पुन्हा लावला. वाजतोय.

वाजतोय.

सिस्टरला सांगितलं, घरी कोणाला तरी पाठवा. तिला वाटतं ऑपरेशनच्या भीतीने मी — शांत राहा म्हणाली. बाई ऑपरेशनमध्ये. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना लावला, ते हसले, म्हणाले, वस्ताद आहेत ना घरी.

रिक्षाने जवळ आहे घर. खिडकीतून तो रस्ता दिसतो. मला खाटेवरून खाली पाय —

सासूबाईंनी उचलला. उचलला! आई, तिला द्या. आई, ती कुठे आहे? त्या म्हणतात, बाकड्यावर. किती दिवसांनी हे हसले बघ, बाबू, खुर्च्यांवर लोकही आलेत. मागे आवाज येतोय. तिचा. ती ओरडत नाही, खुर्च्यांवर लोक बसलेत म्हणून ती ओरड